घरी खरं चॉकलेट करायचंय? आधी डबा उलटा करा

सोनेरी कागद, रिबीन, प्रत्येक चॉकलेटला वेगळा कप्पा, हे सगळं बघून भुलण्याआधी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. कोको बटरच्या (कोकोच्या बियांतल्या स्निग्धांशाच्या) जागी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट दिसलं की समजायचं कंपाउंड आहे, म्हणजे खरं चॉकलेट नाही. 'होममेड'वर पण जाऊ नका, कंपाउंडची स्लॅब वितळवून साच्यात ओतली की तेही होममेडच, मी दोन वर्षं तेच करून नातेवाइकांत मिरवलंय 😄 मोठ्या लक्झरी कंपन्या ठिकठिकाणच्या कोकोच्या बिया मिसळतात कारण त्यांना दर वेळी तीच चव हवी असते, हाताने चॉकलेट करणारा छोटा कारागीर मात्र बऱ्याचदा एकाच बागेची चव जपत बसतो.

तर बिया. केरळातल्या इडुक्की किंवा तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडच्या, आंबवून वाळवलेल्या, अर्धा किलो मागवा. ओव्हनमध्ये १३० डिग्रीला २०-२५ मिनिटं, आंबूस वास जाऊन ब्राऊनीचा वास सुटला की काढा. गार झाल्यावर ठेचायच्या आणि गच्चीत सूप घेऊन शेंगदाण्यासारख्या पाखडायच्या. सासूबाईंनी पाच मिनिटांत केलं, मी अर्धा माल शेजारच्यांच्या तुळशीत उडवला.

उरलेला गर ३५० ग्रॅम घेतला तर साखर १५०, म्हणजे ७० टक्के डार्क. साखर घरीच दळा, विकतच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं. आधी गर मिक्सरमधून काढा, मग इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर, परदेशातले छोटे कारागीरही मूळ हेच मशीन थोडं बदलून वापरतात. पण दगड कोरडा ठणठणीत पाहिजे!! मी धुऊन नीट न वाळवता लावला आणि अख्खा घाणा चिखलासारखा घट्ट, फेकला नाही, दुधात घालून प्यायलो आठवडाभर. साखर दोनेक तासांनी थोडी थोडी टाका, मोटार तापली की थांबवा, एकूण २४ तास तरी वाटा. जिभेवर कचकच लागली नाही की झालं.

शेवटी टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन नीट घट्ट होईल असं करणं, इथे थर्मामीटर लागतोच. ४५ पर्यंत वितळवा, ढवळत २८ वर आणा, परत ३१-३२ करून साच्यात ओता. नाशकात हे डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा, मे महिन्यात नादी लागू नका, कोको बटर ३४ च्या आसपास वितळतं. नीट जमलं तर मोडताना टक्क वाजतं. मनुके आपलेच टाका पण एकदम कोरडे. वर पांढरट डाग आले तर बुरशी समजून टाकून देऊ नका, बहुतेक टेम्परिंग हुकलंय फक्त, वितळवून परत करा.