जी-४, सीबीएस-क्यूबी३ वापरताना या चुका टाळा

खोलीच्या तापमानाला सक्रियण ऊर्जेत फक्त एक किलोकॅलरी प्रति मोलची चूक झाली, तरी अभिक्रियेचा वेग पाच पटींहून जास्त चुकतो. म्हणून ‘एक किलोकॅलरी’ ही गणिती रसायनशास्त्रातली, म्हणजे रेणूंच्या ऊर्जा संगणकावर काढण्याच्या शास्त्रातली, मानाची रेघ झाली. तिथवर पोहोचायला सीसीएसडी(टी) ही अतिशय अचूक पण महागडी पद्धत आणि भलामोठा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांच्या कक्षा मांडणाऱ्या गणिती फलांचा संच) लागतो. पण रेणू दुप्पट केला, की सीसीएसडी(टी)चा खर्च साधारण १२८ पट होतो. यावर जॉन पोपल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये जी-१ ही कॉम्पोझिट पद्धत आणली. महागडं गणित लहान बेसिस सेटवर करायचं, मोठ्या बेसिस सेटचा परिणाम एमपी२-एमपी४ सारख्या स्वस्त पातळीवरून घ्यायचा आणि उरलेली तूट अचूक ठाऊक असलेल्या ऊर्जांशी जुळवलेल्या दुरुस्तीने भरायची. जी-२, जी-३, २००७ ची जी-४ आणि पीटरसन यांच्या गटाची सीबीएस-क्यूबी३ या सगळ्या त्याच वाटेवरच्या.

या पद्धतींचे सगळे भाग एकमेकांच्या चुका सावरतील अशा बेताने जुळवलेले असतात, हे विद्यार्थ्यांना पुरेसं सांगितलं जात नाही असं मला कळकळीने वाटतं. इथले बहुतेक घोटाळे दोनच प्रकारचे असतात. आकड्यात आधीच असलेली गोष्ट पुन्हा मिळवली जाते, नाहीतर एखादा भाग काढून तिथे आपल्या आवडीचा बसवला जातो.

शून्यबिंदू ऊर्जा दोनदा मिळवणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. आउटपुटच्या शेवटी चार आकडे येतात: शून्य केल्विनची ऊर्जा, २९८ केल्विनची ऊर्जा, एन्थॅल्पी आणि मुक्त ऊर्जा. या चारही आकड्यांत शून्यबिंदू ऊर्जा (शून्य केल्विनलाही रेणूत उरणारी कंपनांची ऊर्जा), तीही स्केल केलेली (ठरावीक गुणकाने दुरुस्त केलेली), आधीच धरलेली असते. साध्या डीएफटीच्या (इलेक्ट्रॉन घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीच्या) सवयीने लोक फ्रिक्वेन्सीच्या भागातून ती पुन्हा उचलतात. अभिक्रियेच्या फरकात ही चूक बरीचशी लपून जाते, पण अणूकरण ऊर्जा (रेणूचे सुटे अणू करायला लागणारी ऊर्जा) काढताना लपत नाही, कारण सुट्या अणूंना कंपनंच नसतात. एकट्या मिथेनमध्ये सुमारे २८ किलोकॅलरींचा गोंधळ होतो.

आपण कोणता आकडा उचलला याची शंका असेल तर एक सोपी तपासणी आहे. एन्थॅल्पीतून २९८ केल्विनची ऊर्जा वजा केली की ०.०००९४४ हार्ट्री (या गणितातलं ऊर्जेचं एकक) यायला हवेत. हे आरटी (वायू स्थिरांक गुणिले तापमान) आहे आणि रेणू कुठलाही असो, ते बदलत नाही.

अणूंच्या स्पिन-ऑर्बिट दुरुस्तीचंही (इलेक्ट्रॉनची फिरकी आणि कक्षीय गती यांच्या परस्परक्रियेमुळे ऊर्जेत होणाऱ्या बदलाचंही) असंच. जी-३ आणि जी-४ मध्ये ती अणूंसाठी अंतर्भूत आहे. क्लोरीनच्या अणूला ती ०.८४ किलोकॅलरी, ब्रोमीनला जवळपास ३.५ किलोकॅलरी. हाताने पुन्हा मिळवली, तर नेमक्या हॅलोजनांच्या रेणूंमध्येच उत्तर बिघडतं.

एखादा भाग बदलून ‘सुधारणा’ करणं

जी-४ ची जॉमेट्री (रेणूतल्या अणूंची मांडणी) बी३एलवायपी या डीएफटी फंक्शनलवर काढलेली असते आणि तिथल्या कंपनांच्या फ्रिक्वेन्सींचा स्केल फॅक्टर ०.९८५४ आहे. सीबीएस-क्यूबी३ चा ०.९९ आहे. जॉमेट्रीसाठी दुसरा फंक्शनल घेतला आणि स्केल फॅक्टर जुनाच ठेवला, तर ती जी-४ राहत नाही आणि तिची छापील अचूकताही लागू होत नाही. अभिकारक जी-४ ने आणि उत्पादित सीबीएस-क्यूबी३ ने काढून वजाबाकी करणं त्याहून वाईट. दोन्ही बाजूंना पद्धत एकच हवी.

‘हायर लेव्हल करेक्शन’ हा जी-घराण्यातला सर्वांत नाजूक भाग. हा इलेक्ट्रॉन मोजून जोडला जाणारा आकडा आहे. जी-२ मध्ये तो प्रत्येक जोडीमागे ५ मिलिहार्ट्री, म्हणजे तीन किलोकॅलरींहून जास्त आहे. बंध हळूहळू ताणत तुटेपर्यंतचा ऊर्जेचा आलेख याने काढू नका. जोडी कुठल्या क्षणी ‘तुटली’ म्हणायची, हे त्या सूत्राला कळत नाही. तिथे आलेखात उडी येते आणि ती रसायनाची नसते.

उत्तर दहा-वीस किलोकॅलरींनी चुकतंय?

आधी मल्टिप्लिसिटी (जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) पाहा. कार्बनचा अणू आणि ऑक्सिजनचा रेणू या दोघांनाही ३ हवी. सवयीने १ टाकली तरी जॉब निमूट पूर्ण होतो. खऱ्या एकक अवस्था (मल्टिप्लिसिटी १ च्या) कार्बनमध्ये सुमारे २९ आणि ऑक्सिजनमध्ये २२.५ किलोकॅलरी वर आहेत, आणि एका निर्धारकाचं (इलेक्ट्रॉनांची एकच मांडणी धरणारं) गणित त्यांना त्याहूनही चुकीच्या जागी नेतं.

मग फ्रिक्वेन्सी पाहा. जॉब व्यवस्थित संपला म्हणजे किमान ऊर्जेची रचना मिळाली, असं नाही. स्थिर रेणूत एकही काल्पनिक (आउटपुटमध्ये ऋण दिसणारी) फ्रिक्वेन्सी नको, संक्रमण अवस्थेत नेमकी एक हवी. नको ती आली, तर त्या कंपनाच्या दिशेने रचना किंचित हलवून पुन्हा ऑप्टिमाइझ करा. कॉन्फॉर्मर (बंधांभोवती फिरून होणारे रेणूचे वेगवेगळे आकार) शोधण्याचं काम पद्धत आपणहून करत नाही. ते आधी स्वस्त पातळीवर उरका.

हे सगळं बरोबर असेल, तर टी१ डायग्नोस्टिक (एक निर्धारक पुरेसा आहे का, याचं माप) तपासा. मुख्य गटातल्या बंद कवचाच्या रेणूंसाठी ०.०२ ही रूढ मर्यादा आहे. ओझोन ती ओलांडतो, सी२ तर फारच. अशा रेणूंना एका निर्धारकावर उभी असलेली आणि सीसीएसडी(टी)पाशीच थांबणारी पद्धत पुरत नाही. डब्ल्यू४ किंवा हीटसारख्या, सीसीएसडी(टी)च्या पुढे जाणाऱ्या पद्धती किंवा मल्टिरेफरन्स (अनेक निर्धारकांचं) गणित लागतं. संक्रमण धातूंसाठी जी-४ मुळात बेतलेलीच नाही.

मोठ्या रेणूंची निर्मिती एन्थॅल्पी

अणूकरणाच्या वाटेने गेलं, की प्रत्येक बंधामागची बारीक चूक साठत जाते. इथे आयसोडेस्मिक अभिक्रिया फार उपयोगी पडते. उदाहरणार्थ, प्रोपेन + मिथेन → २ इथेन. दोन्ही बाजूंना बंधांचे प्रकार आणि संख्या तीच, म्हणून चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. प्रयोगांच्या आकड्यांवरून हिची एन्थॅल्पी सुमारे ११ किलोज्यूल येते. पद्धत हाताशी बसली आहे का, हे पाहायला हे उदाहरण छान. रेणू सीसीएसडी(टी)च्या आवाक्याबाहेरचाच असेल, तर रेणूचे तुकडे करून गणित करणाऱ्या पद्धतींकडे वळा. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने विकसित केलेलं ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ याच जातीचं.

शेवटी, निकाल लिहिताना अचूकतेचा दावा जपून करा. जी-४ च्या ४५४ ऊर्जांच्या चाचणीत सरासरी निरपेक्ष विचलन ०.८३ किलोकॅलरी होतं. ती सरासरी आहे, तुमच्या रेणूची हमी नाही. उष्मारसायनात अनिश्चितता ९५ टक्के खात्रीने देण्याचा संकेत आहे आणि तो आकडा या सरासरीच्या दुपटीहून मोठा निघतो. तेव्हा ‘± ०.८’ असं छापू नका.