मूल राहत नाही म्हणून सोनोग्राफी करताय? या चुका टाळा

वाळपईहून सकाळच्या कदंब बसने आलेली एक वहिनी आमच्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर घामाघूम होऊन उभी होती. कुणीतरी सांगितलं म्हणून लिटरभर पाणी पिऊन तिने सगळी वाट लघवी दाबून धरली होती. तिची तपासणी मात्र आतून, म्हणजे योनिमार्गातून व्हायची होती आणि त्याला मूत्राशय रिकामं लागतं. भरलेलं लागतं ते पोटावरून करताना. नंबर लावतानाच विचारून घ्या, आतून की पोटावरून.

ही चूक पाच मिनिटांत निस्तरते. तपासणीसाठी पाळीचा योग्य दिवस हुकला तर महिना जातो, म्हणून मी सिस्टर या नात्याने प्रत्येकीला आधी तारीखच विचारते.

गर्भाशयाचं अस्तर महिनाभर बदलत असतं. पाळी संपताना पातळ, मग वाढत जाणारं, बीज सुटायच्या सुमारास तीन रेघांचं आणि त्यानंतर जाड, पांढरं. त्या पांढऱ्या अस्तरात छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची मऊ वाढ, सहज लपतो. तो शोधायचा तर पाळी थांबल्यावर, म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसांत यावं. गर्भाशयात सलाईन सोडून करायची सोनोग्राफीही याच दिवसांत होते. त्या पाळीपासून तपासणीपर्यंत संबंध टाळा. ताप असेल, अंगावरून वास येणारं पांढरं जात असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

अंडाशयात बीजं किती उरली असावीत याचा अंदाज 2 ते 10 मिलिमीटरचे फॉलिकल, म्हणजे बीजाच्या बारीक पिशव्या, मोजून घेतात, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी. नेमक्या याच दिवसांत 'पाळी चालू असताना कसं जायचं' म्हणून बायका घरी बसतात. बायांनो, खुशाल या. आम्हाला त्यात काही वाटत नाही, तुम्हीही संकोच करू नका. चतुर्थीच्या गडबडीत दिवस हुकलाच तर फोन करून विचारा. भलत्या दिवशी येण्यापेक्षा पुढची पाळी बरी.

डिचोलीची एक मुलगी रिपोर्ट घट्ट धरून रडत बसली होती. अस्तर 4 मिलिमीटर, आणि 7 तरी हवं असं तिने मोबाईलवर वाचलेलं. मी रिपोर्टाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं: तपासणी चौथ्या दिवशीची होती. 7-8 मिलिमीटरची अपेक्षा असते ती बीज सुटायच्या सुमारास. चौथ्या दिवशी अस्तर पातळच असणार. म्हणून तारीख नीट सांगा. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचा डाग धरू नका.

रिपोर्टातला एखादा शब्द वाचून स्वतःच निदान करू नका. अंडाशयात बारीक फॉलिकल पुष्कळ दिसले म्हणजे पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सचा विकार, झाला असं नाही. अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोन्स वाढल्याची लक्षणंही बघावी लागतात. फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीच्या, आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पोकळीत शिरलेली 2 सेंटिमीटरची गाठ जो अडथळा करते, तो बाहेरच्या अंगाला असलेली 4 सेंटिमीटरची सहसा करत नाही.

गर्भाशयात पडदा, म्हणजे पोकळी दुभागणारी भिंत, असल्याचा संशय असेल तर साध्या सोनोग्राफीवर निर्णय घेऊ नका. पडदा असलेलं आणि दोन शिंगांचं गर्भाशय त्यात सारखंच दिसू शकतं. फरक कळतो तो बाहेरच्या वरच्या कडेवरून, आणि ती थ्रीडीत दिसते. थ्रीडी मात्र मासिक चक्राच्या उत्तरार्धात, बीज सुटल्यानंतर अस्तर जाड असताना अधिक स्पष्ट येते. पडदा दुर्बिणीतून कापता येतो. दोन शिंगांच्या गर्भाशयाला तशी कात्री लावणं धोक्याचं.

'सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे बीजनळ्याही उघड्या' हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त भेटतो. पाणी भरून फुगलेली नळी दिसते, पण साधी बंद नळी सोनोग्राफीत कळत नाही. आपल्याकडे क्षयरोग कुठलंही लक्षण न दाखवताही नळ्या खराब करू शकतो. नळ्या उघड्या आहेत का हे बघायला डाय सोडून एक्स-रे, म्हणजे एचएसजी, किंवा नळ्यांत द्राव सोडून करायची खास सोनोग्राफी लागते. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जा की खासगीत, जुने रिपोर्ट आणि फिल्म बरोबर न्या.

आणखी एक. बायको आत तपासणी टेबलावर असते, नवरा बाहेर बाकावर. त्याची वीर्यतपासणी दोन-दोन वर्षं झालेली नसते. 2 ते 7 दिवस वीर्यपात न होऊ देता नमुना द्यायचा, इतकंच तर काम. तिच्या दुसऱ्या सोनोग्राफीचा नंबर लावण्याआधी ती करून घ्या.