चाळीस वर्षं थांबलेली गाडी अजून महिनाभर थांबते: जुन्या गाड्या घेता-विकताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात परत तोच फोन. "काका, साखळी गावात फियाट अकराशे मिळतेय. मालक म्हणतो संध्याकाळपर्यंत टोकन द्या, नाहीतर पुण्याची पार्टी उचलणार." पोरगा आमच्या गोव्यातल्या फोंड्याचाच, मेहनती, पैसे साठवून ठेवलेले. मी विचारलं, आरसी कोणाच्या नावावर आहे? माहीत नाही. गाडीवर कोरलेला चासी नंबर आरसीशी ताडून बघितलास? नाही. खालून बघितलीस? पाऊस होता, वाकता आलं नाही. मग बघितलंस तरी काय? "रंग एक नंबर आहे काका."

बावीस वर्षं मला हा नाद आहे आणि बावीस वर्षं मी हेच संभाषण करतोय. गोव्यात जुन्या गाड्या भरपूर, कारण १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात त्या थेट युरोपातून यायच्या. मर्सिडीजच्या डिझेल गाड्या तर इथे टॅक्सी म्हणून धावल्या. मॉरिस, ओपेल, फोक्सवॅगन अजूनही जुन्या घरांच्या छपराखाली सापडतात. गाडी सापडणं हा सोपा भाग आहे. घोळ होतो तो पुढे.

गाडी बघितली, वारस मोजले नाहीत

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

२०११ मध्ये सासष्टीतल्या एका जुन्या घरी मॉरिस मायनर बघितली. बाल्कांवच्या (ओसरीच्या) बाजूला पत्र्याची शेड, करडा रंग, मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. डॅशबोर्डचं मीटर शाबूत, चारही व्हीलकप जागेवर, काचा मूळच्या. आरसी आजोबांच्या नावावर आणि आजोबा १९८७ साली वारलेले. घरात राहणारा नातू म्हणाला, "सगळ्यांनी सांगितलंय, विकून टाक." मी साध्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या, जवळजवळ सगळे पैसे दिले आणि तिसऱ्या दिवशी गाडी फोंड्याला आणली. इंजिन खोललं, ब्रेकच्या सिलिंडरांत नव्या नळ्या (स्लीव्ह) बसवून घेतल्या, वायरिंग नवं केलं. मग आरटीओची पायरी चढलो.

तिथे कळलं की मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१, आणि बाकी वारसांची संमती. आजोबांना पाच मुलं. त्यांतली दोन गेलेली, त्यांची मुलं हक्कदार. एक मुलगा कुवेतला, एक मुलगी लिस्बनला. त्यात गोव्याचा वारसा कायदा वेगळा. इथे लग्न करताना दुसरा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे सुना-जावयांच्याही सह्या. मोजल्या तेव्हा चौदा भरल्या.

दोन वर्षांत अकरा मिळवल्या. बारावी लिस्बनच्या आत्याची. त्या डिसेंबरात गावी आल्या, माझ्या शेडमध्ये आल्या, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. या गाडीतून त्या लग्नाला चर्चमध्ये गेल्या होत्या. गाडी विकायचं ठरलंय हे त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की गाडी घरी जाऊ दे. मी ट्रक बोलावून गाडी परत पोचवली. दिलेले पैसे हप्त्याहप्त्याने परत आले, इंजिनाला घातलेले आले नाहीत. त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. घाई मी केली होती.

तेव्हापासून टोकन देण्याआधी मी घरच्यांसोबत बसून कोऱ्या कागदावर वंशावळ काढतो. कोण गेलं, कोण कुठे आहे, कोणाचं लग्न झालंय. परदेशातल्या माणसाला माझ्यासमोर फोन लावायला सांगतो. तो हो म्हणाला की तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित मुखत्यारपत्र मागवतो, ते हातात येईपर्यंत थांबतो. घरात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीसाठी कोर्टात होणारी मालमत्तेची यादी, झाली असेल तर तिची प्रत मागून वाचतो. तिच्यात घर असतं, काजूची बाग असते, सोनं असतं, शेडमधली गाडी मात्र पुष्कळदा लिहायची राहून गेलेली असते. यात महिना जातो, कधी वर्ष. ज्याला तेवढा धीर नाही त्याने वारसांची गाडी घेऊ नये, हयात मालकाच्या नावावरची शोधावी.

रंग बघून भाव ठरवणं

म्हापशाला एका शेडमध्ये मार्क वन अँबॅसेडर होती. आरशासारखी काळी, क्रोम झळाळतंय. घेणारा माझ्या ओळखीचा, मी नुसता सोबत गेलेला. माझ्या खिशात कायम एक चुंबक असतं, रुमालात गुंडाळलेलं, रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून. छतावर लावलं, चिकटलं. दरवाजाच्या खालच्या चार इंचांवर लावलं, घसरून खाली पडलं. मागच्या चाकाच्या कमानीवरही तेच. तिथे पत्रा नव्हताच, पुट्टी होती. बोटाच्या पेराने वाजवलं तर छतावर टणटण आणि दारावर ढबढब. मॅट उचललं तर खाली डांबराचा जाड थर, त्यावर टॉर्च धरून स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकं टेकवलं तर ते आत गेलं.

अँबॅसेडरला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते. खालचा पत्राच सगळी गाडी तोलून धरतो. तो गेला की गाडी मधून बसते आणि दारं लागेनाशी होतात. मी हे सगळं सांगितलं. पण मालकाचा फोन सारखा वाजत होता, दुसरं गिऱ्हाईक म्हणे वाटेवर होतं. त्याने तिथेच पैसे दिले. पुढच्या गणेश चवथीला त्याच्या घरी गेलो तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उचलून लावावं लागत होतं. पत्राकामाचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला.

आपल्याकडे चार महिने पाऊस आणि किनाऱ्यावर बारमाही खारा वारा. म्हणून मी गाड्या जुलैत बघायला जातो. कुठून गळते, मॅटखाली पाणी कुठे साचतं, डिकीत कुबट वास येतो का, हे त्या दिवसांत लपवता येत नाही. मळकी, मूळ रंगातली, जिथे गंज डोळ्यांना दिसतो अशी गाडी मला ताज्या रंगाच्या गाडीपेक्षा केव्हाही चालते. आणि विकणाऱ्यांनाही सांगतो, विकण्याआधी नवा रंग देऊ नका. जाणकार माणूस नव्या रंगाचे पैसे देत नाही, उलट खाली काय दडवलंय या संशयाने भाव पाडतो.

टोचन लावून चालू करणं

वर्षानुवर्षं उभी गाडी घेतली की त्याच दिवशी आवाज ऐकायचा असतो. मग जीपला टोचन बांधून ओढतात, गिअर टाकतात. आत पिस्टन सिलिंडरला धरलेला असतो. ओढाताणीत रिंगा तुटतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि जे इंजिन आठवडाभरात मोकळं झालं असतं ते बोरिंगला (सिलिंडर आतून कापून मोठा करायला) जातं. याचा मला मनापासून राग येतो, कारण असलं मूळ इंजिन एकदा गेलं की गेलं.

स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं अर्धं, दोन-दोन चमचे ओता. रोज थोडं घाला, चार-पाच दिवस हात लावू नका. मग प्लग बाहेरच ठेवून क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या तोंडावरच्या पट्ट्याच्या चाकाच्या) नटला पाना लावा आणि हाताने हलवा, आधी मागे, मग पुढे. पिस्टन केसभर हलला की हाताला कळतं. अडला तर परत तेल आणि परत दोन दिवस. पूर्ण फेरा फिरल्याशिवाय स्टार्टरला हात नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकी धुवा, सगळे रबरी पाइप बदला. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. ब्रेक धरतात याची खात्री होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढू नका.

बाकीच्या, थोडक्यात

बॅटरी लावण्याआधी वायरिंग बघा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फोक्सवॅगन बीटलला सहा व्होल्ट लागतात, आणि त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह वायर बॉडीला असते.

तुटलेला हँडल, फुटका दिवा, वाकलेली बीडिंग (कडेची पट्टी) भंगारात टाकू नका. नमुना म्हणून तरी लागते.

१९८५ ची प्रीमियर पद्मिनी विंटेज म्हणून विकतात, ती विंटेज नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असलेलीच गाडी विंटेज. मटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलेली इथेच बाद होते. नव्या विंटेज नोंदणीला २०,००० रुपये आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर, पुनर्नोंदणीला ५,०००. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तेव्हा गोव्याचा जुना, जीडी अक्षरांचा नंबर असेल तर तो सोडू नका. पण ही नोंद केली की रोज बाजाराला न्यायला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. विक्री झाली तर ९० दिवसांत कळवावं लागतं.

विकताना नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून एजंटच्या हातात देऊ नका. नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या मालकाचीच, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मी घेणाऱ्यासोबत स्वतः आरटीओत जातो, पोच घेतो, मगच चावी.

साखळीची ती फियाट अजून तिथेच आहे, पुण्याची पार्टी काही आली नाही. आरसी मालकाच्या वडिलांच्या नावावर आहे आणि भाऊ तीन आहेत. रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत. चुंबक आणि टॉर्च मी घेतो, कोरा कागद आणि पेन त्याला आणायला सांगितलंय.