चांदीची सदोष नाणी ऑनलाइन घेताय? या चुका टाळा

भोक पडलेले, घासून चकचकीत केलेले किंवा कधीकाळी दागिन्यात बसवलेले चांदीचे नाणे स्वस्तात मिळते. नवख्या संग्राहकाने अशा नाण्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही. गफलत होते ती किमतीत. कॅटलॉगमधली निर्दोष नाण्याची किंमत पाहायची, त्यातून अंदाजाने थोडे वजा करायचे आणि स्वस्त पडले म्हणून खूश व्हायचे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. हिशेब खालून वर करा. आधी नाण्यात चांदी किती आहे ते काढा, मग या दोषासकट त्यावर किती जास्त द्यायचे ते ठरवा.

साल न वाचता कस (चांदीचे प्रमाण) गृहीत धरणे

मॉर्गन डॉलर हे अमेरिकेचे जुने चांदीचे नाणे 26.73 ग्रॅमचे आणि 90 टक्के चांदीचे, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 24 ग्रॅम. सगळीकडे इतके सरळ नसते. ब्रिटनच्या चलनी नाण्यांत 1919 पर्यंत 92.5 टक्के चांदी होती, 1920 पासून निम्मी झाली आणि 1947 पासून ती तांबे-निकेलची झाली. ब्रिटिश हिंदुस्थानातला सहाव्या जॉर्जचा रुपया 1939 पर्यंत 91.7 टक्क्यांचा, 1940 ते 1945 दरम्यान 50 टक्क्यांचा. वजन दोन्हींचे 11.66 ग्रॅमच, त्यामुळे नुसत्या वजनावरून फरक कळणार नाही. झिजलेल्या नाण्यावर सालाचा शेवटचा आकडा दिसत नसेल तर कमी कस धरूनच बोली लावा.

चकाकी बघून भुलणे

साफ केलेले नाणे ओळखणे सर्वांत अवघड, आणि विक्रीला येतातही तीच जास्त. ठसा पडताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे तिरपे फिरवले की प्रकाशाचा पट्टा त्यावरून गोल फिरतो, तो या रेषांमुळे. घासल्यावर किंवा आम्लयुक्त द्रावणात वारंवार बुडवल्यावर त्या रेषा जातात आणि पांढरी, सपाट, निर्जीव चमक उरते. फोटोत अक्षरांच्या कोपऱ्यांत काळा मळ आणि बाकी पृष्ठभाग लख्ख असेल, किंवा एकाच दिशेने जाणारे बारीक ओरखडे दिसत असतील, तर नाणे घासलेले समजा. भडक उजेडात काढलेल्या फोटोत हे ओरखडे दिसतच नाहीत. म्हणून तिरप्या उजेडात नाणे फिरवतानाचा छोटा व्हिडिओ मागा.

कडेचा फोटोही मागा, तो जाहिरातीत सहसा नसतोच. दागिन्यासाठी लावलेली कडी नंतर काढलेल्या नाण्याच्या कडेवर, बहुधा चित्रातल्या डोक्याच्या वरच्या बाजूला, झाळलेल्या धातूचा फुगवटा राहतो किंवा खाचा घासलेल्या दिसतात. भोक बुजवले असेल तर तेवढ्या जागची अक्षरे मऊ, बोथट वाटतात.

नुकसानीला ‘एरर’ समजून पैसे मोजणे

टांकसाळीतली चूक आणि नंतर झालेली इजा यांत किमतीचा मोठा फरक असतो. नाणे पाडायच्या ठशाला तडा गेला असेल तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचवटा असलेली रेघ येते. ओरखडा मात्र खोल असतो. काठाचा तुकडा नसलेले नाणे खरोखर अपुऱ्या कोऱ्या चकतीवर पाडलेले असेल तर तुकड्याच्या बरोबर समोरचा काठही बहुधा दबलेला, पुसट असतो. समोरचा काठ ठसठशीत असेल तर कुणीतरी ते नंतर कापले असण्याचीच शक्यता जास्त.

चुंबकावर विसंबणे

चांदी चुंबकाला चिकटत नाही. तांबे आणि पितळही चिकटत नाहीत. चुंबकाने फक्त लोखंड किंवा निकेलसारख्या धातूची नकल पकडली जाते. नाणे हातात आल्यावर पुढची चाचणी करा:

1. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर कोरडे वजन घ्या. झीज वजन घटवते, वाढवत नाही. झिजलेले नाणे ठरलेल्या वजनापेक्षा जड भरले तर झाळ किंवा बनावट, दोन्ही शक्यता तपासा.
2. काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा.
3. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका.
4. कोरड्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागा. येईल ती नाण्याची घनता.

शुद्ध चांदीची घनता (दर घनसेंटिमीटरला ग्रॅम) 10.49, तर 90 टक्के चांदीची सुमारे 10.3. मुलामा दिलेले तांबे 9 च्या आसपास येते. मॉर्गन डॉलर बुडवल्यावर काट्यावर सुमारे 2.59 दिसायला हवे. नाण्याला बुडबुडे चिकटले तर घनता खोटी कमी येते. दोरा हलवून ते सोडवा. दीड-दोन ग्रॅमच्या नाण्यांवर ही चाचणी करू नका, तिथे 0.01 चा फरकही निकाल बिघडवतो.

आल्याआल्या साफ करणे

ही कामे क्रमानेच करा: पाकीट उघडतानाचा व्हिडिओ, वजन, फोटो, आणि परत करण्याची मुदत असेपर्यंत नाण्याला काहीही लावायचे नाही. ठेवायचे ठरले आणि त्यावर हिरवट, चिकट थर असेल तर तो बहुधा पीव्हीसी या मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळे आलेला असतो. नाणे काचेच्या भांड्यात शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवा, न चोळता काढा आणि वाऱ्यावर सुकू द्या. अ‍ॅसिटोन झटकन पेटते, तेव्हा खिडक्या उघड्या आणि आग दूर. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात इतर पदार्थ असतात. काळपट टोनिंग, म्हणजे चांदीवर काळाबरोबर चढलेला रंग, अ‍ॅसिटोनने जात नाही, ते तसेच राहू द्या. पुढे ठेवायला मायलर या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकचे पाकीट घ्या.