यलोस्टोन, टेटन आणि कोडी: आईबाबांना घेऊन रोड ट्रिप आखताना

भारतातून आलेल्या आईबाबांना अमेरिकेतलं यलोस्टोन नॅशनल पार्क दाखवायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाची तिकिटं काढतात आणि मग रूम शोधायला बसतात, आणि तिथेच गणित चुकतं. आधी रस्ते कधी उघडे असतात ते बघा, मग पार्कातल्या रूम, आणि तिकिटं सगळ्यात शेवटी.

यलोस्टोनचे बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाड्यांना बंद होतात ते एप्रिलच्या उत्तरार्धापासून हळूहळू उघडतात. बेअरटूथ हायवे, जो माझ्या मते ह्या भागातला सगळ्यात देखणा रस्ता आहे, तो साधारण मे अखेर ते ऑक्टोबर मध्य एवढाच चालू, आणि जूनमध्येसुद्धा बर्फ पडला तर बंद करतात. त्यामुळे जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे धरा. मला सप्टेंबर जास्त आवडतो, शाळा सुरू झाल्याने गर्दी कमी, अस्पेनची झाडं पिवळी व्हायला लागलेली आणि सकाळी धुक्यातून एल्कच्या (मोठ्या जातीचं हरीण) नराची ती लांब शिट्टीसारखी हाक ऐकू येते. पण कोडी गावातला रोज रात्रीचा रोडिओ (काउबॉयचे घोड्या-बैलांवरचे खेळ) जून ते ऑगस्टच असतो, तो बघायचाच असेल तर उन्हाळा घ्या.

रूट मी सगळ्यांना एकच सांगते. मोंटानातल्या बिलिंग्जला उतरा, तिथूनच गाडी भाड्याने घ्या आणि गोल फिरून तिथेच परत द्या, म्हणजे वन वेचे जास्तीचे पैसे वाचतात. बिलिंग्जहून रेड लॉज तासाभरावर, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी बेअरटूथ पास (खिंड), १०,९४७ फूट, मग कुक सिटी आणि ईशान्येच्या गेटमधून लमार व्हॅली. पुढे यलोस्टोनमध्ये तीन रात्री, दक्षिण गेटने खाली ग्रँड टेटन हे शेजारचं पार्क आणि जॅक्सन गाव दोन रात्री, मग परत वर येऊन पूर्व गेटने कोडी, दोन रात्री, आणि तिथून बिलिंग्ज दोनेक तास. नऊ दिवस लागतात. सहा दिवसच असतील तर टेटन सोडा आणि एक रात्र इकडून तिकडून कमी करा, पण सगळं कोंबू नका, साठी-सत्तरीच्या माणसांना रोज सामान बांधायला लावणं हीच खरी दमणूक असते.

यलोस्टोनच्या रूम शक्यतो पार्काच्या आतच घ्या. आम्ही पहिल्या वेळी स्वस्त पडतं म्हणून बाहेर लांब राहिलो आणि रोजचे तीन तास जाण्यायेण्यात गेले, वर बाबांना दुपारी आडवं व्हायला जागा नाही. आतल्या रूम वर्षभर आधीच भरतात हे खरं, पण लोक कॅन्सलही खूप करतात, त्यामुळे रोज सकाळी एकदा साइट उघडून बघत राहा, आम्हाला दुसऱ्या वेळी ओल्ड फेथफुल ह्या गरम पाण्याच्या प्रसिद्ध कारंज्याजवळची रूम तशीच मिळाली.

आता मॅपवरच्या वेळेबद्दल. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, १४२ मैलांचा, स्पीड लिमिट जास्तीत जास्त ताशी ४५ मैल. मॅप दोन तास म्हणाला तर तुम्ही साडेतीन धरा, कारण गवे रस्त्यावर येतात (बायसन म्हणा, आमच्या घरी गवाच म्हणतात) आणि आले की सगळ्यांनी थांबायचं. हेडन व्हॅलीत एक गवा आमच्या गाडीला अगदी खेटून गेला, जून होता, अंगावरची जुनी लोकर गोधडीच्या चिंध्यांसारखी लोंबत होती, नाकातून फुसफुस आवाज, आणि आईच्या खिडकीची काच त्याच्या श्वासाने धुरकट झाली. अशा वेळी काच वर आणि गाडीतून उतरायचं नाही. नियम गवा-एल्कपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड असा आहे, आणि फोटोच्या नादात लोकांना शिंगं लागतात, हे आईबाबांना आणि मुलांना आधीच नीट सांगून ठेवा.

गरम झऱ्यांजवळ लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पाय खाली टाकायचा नाही, वरचा थर पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. ग्रँड प्रिझमॅटिक ह्या रंगीत गरम झऱ्याला सकाळी सकाळी जाऊ नका, वाफेत रंगच दिसत नाहीत, दुपारी ऊन असताना फेरी फॉल्सच्या वाटेवरच्या ओव्हरलुकवर चढा. ते केशरी-पिवळे रंग म्हणजे उष्णतेत जगणारे सूक्ष्मजीव. कोविडच्या पीसीआर टेस्टमागचं एन्झाइम ज्या जिवाणूवरून आलं तो १९६०च्या दशकात इथल्याच झऱ्यात सापडला, बाबांना हे सांगितल्यावर ते तिथून हलेचनात.

उंची विसरू नका. ओल्ड फेथफुल सुमारे ७,३०० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही बरंच वर. पहिला दिवस हळू, पाणी भरपूर, बीपीची गोळी हँडबॅगेत. ऑगस्टमध्येही पहाटे स्वेटर-कानटोपी लागते.

खायचं म्हणाल तर शाकाहारी माणसांचे ह्या गावांत हाल होतात, भाजलेला बटाटा आणि सॅलड किती दिवस खाणार. ठेपले, मेतकूट, छोटा राइस कुकर आणि बिलिंग्जच्या दुकानातून दही-भाज्या घेऊन एक कूलर भरा. पण खाण्याची एक पिशवीसुद्धा पिकनिक टेबलवर सोडून जायची नाही, अस्वलांचा भाग आहे, गाडीत ठेवून काचा बंद. नेटवर्क फार कमी, मॅप आधी डाउनलोड करा, आणि गाडीतलं पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा.

पार्कात शिरायच्या पासची फी आणि नियम २०२६पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांसाठी वेगळे आणि महाग झालेत, त्यामुळे आईबाबांचा खर्च पार्क सर्व्हिसच्या साइटवर बघूनच बजेट करा.

कोडीला लोक एक रात्र झोपून निघतात, मला फार वाईट वाटतं. वाइल्ड वेस्ट शो करणाऱ्या बफेलो बिल कोडीने १८९६ मध्ये वसवलेलं गाव, त्याने १९०२ मध्ये मुलीच्या नावाने बांधलेलं इर्मा हॉटेल अजून चालू आहे. ओल्ड ट्रेल टाउनमध्ये आजूबाजूच्या भागातून आणलेल्या जुन्या लाकडी खोल्या आहेत, एका सलूनच्या (म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या) दारावर गोळ्यांची भोकं अजून दिसतात, बोट घालून बघता येतं. आणि बफेलो बिल सेंटरला पूर्ण दिवस द्या, पाच म्युझियम एका छताखाली, त्यातलं प्लेन्स इंडियन म्युझियम, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, आधी बघा. बंदुका आणि काउबॉय नंतर. ज्यांची ही जमीन होती त्यांचे मण्यांनी मढवलेले कपडे, तंबू, घोड्यांचे साज बघितल्यावर बाहेरच्या बंदुका वेगळ्याच दिसतात. आई तिथे बाळाच्या पाळण्यावरचं मणीकाम बघत बराच वेळ उभी होती, स्वतः तोरणं करते म्हणून तिला टाके मोजावेसे वाटले.

बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) तिथेच विकत घ्या किंवा भाड्याने, विमानात ना हँडबॅगेत चालतो ना चेक-इनमध्ये, त्यामुळे विकत घेतलेला असेल तर निघायच्या सकाळी मोटेलच्या काउंटरवर ठेवून या, पुढच्या कुणाच्या तरी कामाला येतो.