स्पीडबोटीच्या इंजिनाचं ऑइल प्रेशर: काटा वर ठेवण्याच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा लागला की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या बोटी वर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, गेटवे-मांडव्याची वाहतूकही थांबते, आणि वर्कशॉपांत इंजिनं उघडली जातात. याच दिवसांत काही मालक आपलं पेट्रोल व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, नुसतं दुरुस्त न करता ताकद वाढवून बांधून घेतात. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मोठा, कॉम्प्रेशन जास्त, आरपीएम (मिनिटाला फेरे) वरचे. मग ट्रायलला पहिला प्रश्न येतो, "प्रेशर किती येतंय?" काटा जितका वर, तितकं इंजिन चांगलं, या समजुतीने चांगली बांधलेली इंजिनंही खराब होतात.

पंप फक्त ऑइल ढकलतो. त्याला पुढे जाताना जो अडथळा होतो, तो मीटरवर प्रेशर म्हणून दिसतो. बेअरिंगला वाचवतो तो मात्र क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि शेल (त्याभोवतीची बेअरिंगची पातळ वाटी) यांच्यामधला ऑइलचा थर. गार, घट्ट ऑइल ८० पौंड (दर चौरस इंचाला) दाखवेल, पण बेअरिंगमधून पुरेसं वाहत असेलच असं नाही. गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे साधारण १० पौंड हा जुना हिशेब अजूनही उपयोगी आहे. ५००० आरपीएमला ५०-६० पौंड स्थिर मिळत असतील, तर आणखी मागू नका.

सगळ्यात महाग पडते ती हाय-व्हॉल्यूम पंपाची चूक. प्रेशर कमी आलं की मोठा पंप आणि रिलीफ व्हॉल्व्हची, म्हणजे जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेची, कडक स्प्रिंग टाकली जाते. आकडा वाढतो आणि खरा दोष झाकला जातो. शिवाय जादाचं ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत फिरत राहतं आणि तापतं. पंप फिरवायला जास्त जोर लागतो, तो डिस्ट्रिब्युटर आणि कॅमच्या गिअरवर येतो. चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) लहान असेल तर वरच्या आरपीएमला ऑइल हेडमध्ये साठतं, खाली उतरायला वेळ लागतो आणि पिकअप (चेंबरमधून ऑइल ओढणारं पंपाचं तोंड) उघडा पडतो. मोठ्या पंपाला जागा आहे, पण ती मोठ्या क्लिअरन्सच्या (बेअरिंगमधल्या फटीच्या) आणि मोठ्या चेंबरच्या इंजिनात.

खरा दोष बहुतेक वेळा क्लिअरन्समध्ये सापडतो. जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) दर इंच व्यासाला साधारण एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पावणेतीन इंची मेन जर्नलला पावणेतीन थाऊच्या आसपास. समुद्रात तासन् तास लोडवर चालणाऱ्या इंजिनाला किंचित सैल चालतं, पण "किंचित" हा शब्द जपून वापरा. बेअरिंगमधून बाहेर पडणारं ऑइल क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दोनाचे तीन थाऊ झाले की गळती तिपटीहून जास्त होते. म्हणून मशीन शॉपच्या तोंडी भरवशावर क्रँक बसवू नका. प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने मोजा, बेअरिंगची कॅप (वरून आवळायचं झाकण) पूर्ण टॉर्कला आवळून बोअर गेजने आतला व्यास घ्या आणि आकडे लिहून ठेवा. पुढच्या वेळी इंजिन उघडाल तेव्हा तो कागद कामाला येईल. ब्लॉक धुवायला देताना काढलेले ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लगही मोजून परत बसवा. कॅमच्या गिअरमागचा एक प्लग राहिला, तर कितीही मोठा पंप लावा, प्रेशर येणार नाही.

बोटीत इंजिन सपाट बसत नाही. मागे कललेलं असतं, वेग घेताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उठते तेव्हा आणखी कलतं, आणि लाटेवर आदळलं की चेंबरमधलं सगळं ऑइल उसळतं. गाडीचं चेंबर इथे चालत नाही. बॅफल (ऑइल उसळू न देणारे पडदे) हवेत, विंडेज ट्रे (क्रँकला ऑइलपासून वेगळं ठेवणारा पत्रा) हवा, पिकअप आणि तळ यांच्यात साधारण तीन सूत जागा हवी. डिपस्टिकच्या खुणाही इंजिन बोटीत बसल्यावर, ऑइल मोजून ओतूनच करा. "थोडं जास्त असू दे" म्हणून भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो, त्यात हवा मिसळते आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला आधार देत नाही.

आता आपल्या पाण्याचं. मुंबई बंदरातलं पाणी गढूळ आहे, प्लास्टिकने भरलेलं आहे, आणि ओहोटीला उथळ जागी इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी घेणारा पंप गाळ ओढतो. हा गाळ स्ट्रेनरमध्ये (पाण्याच्या गाळणीत) आणि ऑइल कूलरच्या नळ्यांत बसतो. पाणी कमी झालं की ऑइल तापतं, पातळ होतं, प्रेशर हळूहळू उतरतं. मालक मात्र ऑइल पंपाला दोष देतो. उलट चूकही तितकीच होते. भलामोठा कूलर थर्मोस्टॅटशिवाय लावला की ऑइल नीट गरमच होत नाही. ८० अंशांच्या खाली राहिलेल्या ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून प्रेशरच्या शेजारी ऑइल टेंपरेचरचा मीटर लावाच. लोडवर ९५ ते ११५ अंश असेल तर निर्धास्त राहा. न ओतता डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं, तर आत पाणी किंवा पेट्रोल शिरतंय. दुधाळ झालं असेल तर पाणी आहे. खारं पाणी एक रात्रभरही आत राहू देऊ नका.

काही खोलण्याआधी मेकॅनिकल गेज (विजेशिवाय चालणारा मीटर) लावून बघा. खाऱ्या हवेत अर्थिंग गंजतं, सेंडरच्या (मीटरला प्रेशर कळवणाऱ्या विजेच्या भागाच्या) आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप अर्थिंग तोडते, आणि दोन मीटरसाठीचा सेंडर एका मीटरला लावला की आकडा चुकीचाच येतो. दारूखान्यातून (मुंबईतल्या बोटींच्या भंगार बाजारातून) घेतलेल्या जुन्या सेंडरची जात ओममध्ये रेझिस्टन्स मोजून तपासून घ्या.

मग काटा काय सांगतो ते वाचा. वळताना किंवा वेग घेताना पडतो आणि परत येतो: पिकअप उघडा पडतोय. गरम झाल्यावर फक्त आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) पडतो: क्लिअरन्स सैल आहे किंवा ऑइल पातळ झालंय. आयडलला ठीक, पण आरपीएमबरोबर चढत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय किंवा पिकअपची जाळी तुंबलीय. थरथरतो: आधी वायरिंग तपासा, मग ऑइलमध्ये हवा शिरतेय का ते.

नवं बांधलेलं इंजिन सेल्फवर फिरवून ऑइल चढवू नका. ड्रिलने पंप फिरवा, क्रँक हाताने थोडा थोडा पुढे घ्या, आणि प्रत्येक रॉकरला (हेडवरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला) ऑइल आल्याशिवाय चावी लावू नका. पहिल्या ट्रायलनंतर फिल्टर कापून कागद उलगडा. तांबूस चकाकी दिसली तर शेलचा वरचा थर गेलाय, चेंबर उतरवा.

आणि समुद्रात काटा शून्यावर गेला तर "मांडव्यापर्यंत तरी जाऊ" हा विचार सोडून द्या. इंजिन लगेच बंद करा, नांगर टाका. मोठ्या जहाजांच्या वाटेत असाल तर व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनलवर ताबडतोब कळवा, आणि ओढून नेणारी बोट येईपर्यंत पुन्हा सेल्फ मारू नका.