मुंबईहून शेतावर राहायला जाताय? फोनवर आधी हे विचारा

फार्मस्टेला फोन कराल तेव्हा रेट नंतर, आधी एवढंच विचारा, 'दादा, शेतात आत्ता काय आहे?' समोरचा खरंच शेतकरी असेल तर मग ऐकत बसा, भात कापून झाला, वाल टाकलेत, बांधावर तूर आहे, गाय परवाच व्यायलीय, या तुम्ही, पोरांना वासरू दाखवतो. आणि ज्याचा शेतीशी काही संबंध नाही तो लगेच सुरू होतो, सर पूल आहे, रेन डान्स आहे, डीजे अलाऊड आहे. मित्रमंडळींबरोबर जायचं तर हे बेस्टच, पण आजी-आजोबा आणि लहान पोरं घेऊन गेलात तर शनिवारी अख्खी रात्र शेजारच्या ग्रुपची गाणी ऐकाल. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे ते खरं, पण तिथे अंधारात तक्रार करायला जाणार कोण.

दुसरा प्रश्न, रात्री तिथे कोण असतं? मालकाचं कुटुंब तिथेच राहत असेल तर अर्धी काळजी मिटली. पवना धरणाच्या काठाला, कर्जतला बऱ्याच ठिकाणी जागा भाड्याने घेतलेली असते, संध्याकाळी एक पोरगा बार्बेक्यू लावून देतो आणि गायब, मग रात्री लाईट गेली की तुम्ही आणि तुमचा मोबाईलचा टॉर्च. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं आणि पर्यटन संचालनालयाकडे अशा केंद्रांची नोंदणी होते, तर नोंदणी आहे का तेही विचारून टाका, नसली म्हणजे जागा वाईट असं अजिबात नाही, पण असली तर बरं.

आता महिना. लोक सुट्टी बघून बुकिंग करतात, शेत बघून करत नाहीत, आणि मग मार्चमध्ये जाऊन म्हणतात इथे तर सगळं सुकलेलं आहे. अहो मार्चमध्ये सुकलेलंच असणार! हिरवंगार आणि चिखल पाहिजे तर जुलै, कर्जत-मुरबाड-शहापूर-वाडा सगळीकडे भाताची लावणी चालू असते, आधी विचारलंत तर पोरांना एका कोपऱ्यात रोपं लावू देतात, फक्त एक जुने कपडे जास्त घ्या आणि लावलेल्या ओळी तुडवू नका, ते त्यांचं वर्षाचं जेवण आहे. काजवे बघायचे तर मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, भंडारदरा-पुरुषवाडी साईडला, जोराचा पाऊस लागायच्या आत. दिवाळीच्या आसपास कापणी आणि झोडणी. डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या, त्या चिकूला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि वाडीत झाडाखाली बसून खायची मजा वेगळीच.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत अलिबाग-पेण साईडला पोपटी. याच्यासाठी वेगळी ट्रिप काढली तरी चालेल. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावतात, मग वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून, ओवा आणि जाडं मीठ, तोंडावर परत पाला गच्च दाबायचा आणि मडकं उपडं करून सगळीकडून जाळ. पाण्याचा एक थेंब नाही. अर्ध्या तासाने कोणीतरी काका मडक्यावर पाणी शिंपडून बघतात, चर्रर्र झालं की काढा. व्हेजवाल्यांसाठी वेगळं मडकं लावा म्हणून आधीच सांगायचं, ऐनवेळी सांगितलं तर शेंगा चिकनच्या मडक्यातूनच वेचून मिळतील. हुरडा मात्र घाटावरची गोष्ट, ज्वारी तिकडची, कर्जतला कोणी हुरडा पार्टी म्हणाला तर तो बहुतेक पुणे-नगरकडूनच आणलेला असणार.

ग्लॅम्पिंगचं, म्हणजे हॉटेलसारख्या सजवलेल्या टेंटमध्ये राहायचं, थोडं वेगळं. टेंट कितीही भारी असला, आत बेड, झुंबर, आरसा सगळं असलं तरी शेवटी कापडच ते, एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते पाच आत बसवत नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर टेंट झाडाखाली आहे की उघड्यावर हे विचारा, एसी-कूलर आहे का आणि लाईट गेल्यावर तो इन्व्हर्टरवर चालतो का, कारण नुसता 'इन्व्हर्टर आहे' म्हणजे एक पंखा आणि एक बल्ब. पावसाळ्यात टेंट ओट्यावर किंवा लाकडी प्लॅटफॉर्मवर हवा, जमिनीवर असेल तर नका घेऊ. संडास-बाथरूम आत का बाहेर? आजीचे गुडघे दुखत असतील तर कमोड आहे का? सरळ व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि टेंटपासून बाथरूमपर्यंत चालत दाखवा म्हणा, लाजू नका. फोटो चोरून खोटी पेजेस बनवणारे पण आहेत, अ‍ॅडव्हान्स मागतात आणि फोन बंद, तर व्हिडिओ कॉलला जो टाळाटाळ करतो त्याला पैसे पाठवू नका. गूगल मॅपवरचे रिव्ह्यू 'नवीन आधी' लावून वाचा.

रेट माणशी आहे का टेंटचा, लहान मुलांना किती, जेवण किती वेळचं, ड्रायव्हर असेल तर त्याचं काय, हे सगळं व्हॉट्सॅपवर लिहून घ्या म्हणजे नंतर वाद नको.

जायचं कसं, तर कर्जत, आसनगाव, डहाणूपर्यंत लोकल जाते आणि स्टेशनवर रिक्षा पाठवायला मालकाला सांगता येतं, सीएसएमटीवरून कर्जत दोन तासांच्या आसपास. शनिवारी सकाळी नऊला गाडी काढून ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अलिबागला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, गाडीसकट तासाभरात पलीकडे. गेटवेच्या लहान लाँच पावसाळ्यात बंद असतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रो-रो, पण हवामान बघून तीही रद्द होते, तेव्हा निघायच्या आधी चेक करा.

पोरांची काळजी: विहिरीला कठडा आहे का आणि स्विमिंग पूलची खोली किती, हे पोचल्या पोचल्या स्वतः बघायचं. धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही, पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश असतात ते उगाच नसतात. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असू शकतो, रात्री टॉर्चशिवाय बाहेर पाय टाकू नका. साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे तर अजिबात नाही, हात-पाय न हलवता थेट ग्रामीण रुग्णालय, 108 ला फोन लावा, अँब्युलन्स फुकट असते. जवळचं रुग्णालय कुठे आहे आणि तिथे सापाची लस असते का हे मालकाला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, गावातल्या माणसाला बरोबर माहीत असतं.

जेवणाच्या बाबतीत एकच, पनीर आणि चायनीज मागू नका. मावशी चुलीवर तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं करतात ते मागा, पण आदल्या दिवशी, वाल भिजवून मोड आणायला वेळ लागतो, जेवायला बसल्यावर सांगून मिळत नाही. लहान पोरं तिखट खात नसतील तर वरण-भात वेगळा ठेवायला सांगा.

येताना त्यांच्याकडचा तांदूळ, वाल, गावठी अंडी घ्यायची असतील तर तेही आधीच सांगून ठेवा, आणि रोख पैसे बरोबर ठेवा, सुट्ट्यासकट, कारण रेंज नसली की यूपीआय गोल गोल फिरत बसतं आणि एटीएम तालुक्याच्या गावी.